घरात घेतलेल्या मिरचीच्या रोपांची पानं मुरडताहेत, नक्की कशामुळे?

ऋजुता_पर्वरी | १८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा काळजीत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझं सासर गोव्यातल्या काणकोणचं. सासूबाई दरवर्षी पावसाळ्यात डोंगरउतारावर खोल्याची (तिथल्या खोला गावची) मिरची लावतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लागवड नाही. बी एक वर्ष राहील, दोन वर्षं राहील, पण दमट हवेत डब्यातलं बी कितपत उगवेल याची खात्री नाही. बी मोडू नये म्हणून मी थोडं इथे फ्लॅटवर आणून मे महिन्यात रुजवलं. १४ रोपं चांगली लागली.

पाऊस सुरू झाल्यावर गॅलरीत पश्चिमेकडून अशी झड येते की कुंड्या तरंगायच्या बाकी राहतात. म्हणून सगळ्या मागच्या खोलीत खिडकीजवळ घेतल्या. उजेड कमी, म्हणून वर दोन एलईडी ट्यूब लावल्या, सकाळी ६ ते रात्री ८. पहिले पंधरा दिवस रोपं बघत राहावीत अशी होती. आता शेंड्याकडची पानं मुरडायला लागली आहेत. दुकानात पान नेऊन दाखवलं, त्यांनी इमिडाक्लोप्रिड दिलं. आठवड्याच्या अंतराने रोपं बाहेर नेऊन दोनदा फवारलं. फरक नाहीच, उलट आणखी चार रोपं मुरडली.

माती: लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी रेती. पाणी दोन दिवसांआड. काय करू?

शिरीष_म्हापसा | १८ जून, रात्री ९:५८

पाणी जास्त होतंय. घरात, पावसाळ्यात, दोन दिवसांआड? बोट खुपसून बघा, माती ओली लागली तर आठवडाभर हात लावू नका.

वेलदोडा | १८ जून, रात्री १०:१५

हा बोकड्या आहे. चुरडामुरडा म्हणा हवं तर. पांढरी माशी व्हायरस आणते आणि व्हायरसवर औषध नाही. मागच्या वर्षी माझी २० रोपं अशीच गेली. एकेक करून वाचवत बसलो आणि शेवटी सगळीच गमावली. जी मुरडली आहेत ती आजच उपटा, निदान उरलेली वाचतील. कठोर वाटेल, पण मी ते दुःख बघितलंय.

कुळागर | १८ जून, रात्री १०:५०

ऋजुताताई, काही उपटू नका आणि काही फवारूही नका. दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

चुरडामुरडा हे आजाराचं नाव नाही, ते दिसणं आहे. ताप आला म्हटल्यावर जसं कशाचा ताप ते कळत नाही, तसं. आधी हे सांगा:

मुरड वर आहे की खाली? म्हणजे पानाच्या कडा वर येऊन होडीसारखं झालंय, की कडा खाली वळून पालथी होडी झालीय? कोवळी पानं मुरडली आहेत की खालची जून पानंसुद्धा? पानाचा देठ नेहमीपेक्षा लांब वाटतो का? पालथं करून बघा, खालची बाजू कशी दिसते?

कडा वर असतील आणि पानावर चंदेरी ओरखडे, बारीक काळे ठिपके असतील, तर फुलकिडे. कडा खाली, पान अरुंद, देठ लांब असेल तर कोळी (जाळ्यातला नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक जीव). पान छोटं, जाड शिरांचं, पिवळसर आणि सगळं झाड खुजं, झुडपासारखं होत असेल तर वेलदोडा म्हणतात तो व्हायरस. खालची जून पानं मऊ पडून लोंबत असतील तर शिरीषभाऊंचं पाणी. तिन्ही-चारी गोष्टी एकाच कुंडीत असू शकतात, हेही खरं.

ऋजुता_पर्वरी | १८ जून, रात्री ११:२०

आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. कडा खाली वळल्या आहेत. फक्त शेंड्याची चार-पाच पानं तशी, खालची सगळी सपाट आणि हिरवीगार. देठ खरंच लांब आहेत, आधी लक्षातच आलं नव्हतं. पान पालथं केलं तर खाली तांबूस, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी चकाकी आहे. पांढरी माशी एकच दिसली, नऊ नंबरच्या कुंडीवर. शिरीषदादा, माती वरून दोन पेर कोरडी आहे.

मांडवीकाठ | १९ जून, सकाळी ७:१०

माझा अनुभव देतो, तुमच्याशी जुळेलच असं नाही. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्या मिरच्या कोको पीटमध्ये लावल्या. पानांच्या कडा आधी करपल्या, मग वळल्या. महिनाभर मी कीड शोधत होतो. शेवटी कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली, बोटाने उचलून जिभेला लावली तर खारट! किनाऱ्याकडचा काथ्या मिठाच्या पाण्यात कुजवतात, तो न धुता वापरला तर मीठ तसंच मुळांशी येतं. आता मी ते बादलीत तीनदा धुऊन, पिळूनच भरतो. पुन्हा तसं झालं नाही.

ऋजुता_पर्वरी | १९ जून, सकाळी ७:३५

कोको पीट अजिबात नाही. काठावर पुटंही नाहीत. पण हे वाचून बहिणीला फोन केला, तिच्या टोमॅटोला अगदी हेच झालंय.

उषा_डिचोली | १९ जून, सकाळी ९:०५

अजून एक कारण कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या परसात मिरची, वांगी, भेंडी सगळं एकदम वळलं होतं. पानं अशी अरुंद, दोरीसारखी पिळलेली, शिरा समांतर. शेजारून फवारणीचा पंप आणला होता, त्याच पंपाने आधी भातात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं. भाताला ते काही करत नाही, रुंद पानाच्या झाडांची मात्र वाट लावतं. पंप दोनदा पाण्याने धुतला होता, तरी तेवढं उरलेलं पुरलं. ऋजुता, तुझा स्प्रे कुठला आहे?

ऋजुता_पर्वरी | १९ जून, सकाळी ९:२०

नवीन बाटली आहे, उषाताई. दुसरं काही भरलेलं नाही त्यात.

दामू_फोंडा | १९ जून, सकाळी १०:००

दारावर लिंबू-मिरची टांगतात ती दृष्ट लागू नये म्हणून. आता मिरचीलाच दृष्ट लागली तर दारावर काय टांगायचं? ऋजुताताई, रोपं बरी होवोत, मनापासून.

वेलदोडा | १९ जून, सकाळी १०:४०

कुळागर, तुमचं वाचलं. तरी मी म्हणतो की नऊ नंबरवर पांढरी माशी दिसली आहे. ती एक दिसली म्हणजे पानाखाली पिल्लं असणारच. व्हायरस ती काही मिनिटांत सोडून जाते. वाट बघण्यात रोज धोका वाढतोय. मी वाट बघितली होती.

कुळागर | १९ जून, दुपारी १:३०

वेलदोडा, तुमची काळजी रास्त आहे. नऊ नंबरची कुंडी आजच दुसऱ्या खोलीत न्यावी, याला माझं अनुमोदन. पण बाकीच्या १३ चं वर्णन व्हायरसचं नाही. व्हायरसमध्ये पान वर वळतं, सुरकुततं, पिवळं पडतं. तांब्यासारखी चकाकी आणि लांब देठ ही कोळ्याची खूण.

हा कोळी म्हणजे आपल्याला माहीत असलेला लाल कोळी नव्हे. लाल कोळी उन्हाळ्यात, कोरड्या हवेत येतो, जाळं करतो, डोळ्यांना दिसतो. हा पिवळा कोळी, जेमतेम ०.२ मिलिमीटर. त्याला उबदार आणि दमट हवा लागते, कोवळा शेंडा लागतो. पावसाळ्यातली बंद खोली म्हणजे त्याला आयतं आवतण.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ही चूक आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) मी स्वतः केली आहे. इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही. कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय, तो कोष्ट्याच्या, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या कुळातला. त्या औषधाने मावा, तुडतुडे, पांढरी माशी मरते आणि कोळी खाणारे उपयोगी किडेही मरतात. मग कोळी मोकाट. तुमची आणखी चार रोपं फवारल्यानंतर मुरडली, त्याचं हे कारण असावं.

आता खात्री करून घ्या. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. लांबुळके, चपळ, पिवळे-काळे काही धावले तर फुलकिडे. काहीच दिसलं नाही तर भिंग घ्या.

अनघा_मडगाव | १९ जून, दुपारी २:१५

+१ कोळ्याला. माझ्या बेगोनियाला अगदी हेच झालं होतं, शेंडा कडक, काचेसारखा.

ऋजुता_पर्वरी | २० जून, रात्री १०:४५

मंडळी, मी बघितलं!

कागदावर काहीच पडलं नाही. मग सोनारकाम करणाऱ्या दिरांचं दहापटीचं भिंग आणलं. त्यात पानाखाली शिरेच्या कडेला साबुदाण्याच्या पिठासारखे कण दिसले, त्यातले काही हलत होते. नक्की काही कळेना. भाच्याकडे मोबाईलला लावायचं छोटं सूक्ष्मदर्शक आहे, ६० पटीचं. शेंड्याचं सगळ्यात लहान पान, नखाएवढं, खुडून त्याखाली धरलं.

आधी अंडी दिसली. लांबट, काचेसारखी पारदर्शक, आणि प्रत्येकावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, जणू रांगोळीचे ठिपके. मग कोळी. फिकट पिवळा, पाठीवर चकाकी, घाईघाईने चाललेला. आणि एक जण दुसऱ्याला पाठीवर आडवं घेऊन धावत होता! भाचा आणि मी किती वेळ बघत बसलो. नखाएवढ्या पानावर मी अंडी मोजायला लागले, चाळीसनंतर सोडून दिलं.

कुळागरदादा, पाठीवर काय घेतलं होतं त्याने?

कुळागर | २० जून, रात्री ११:०५

ते ठिपक्यांचं अंडं दिसलं म्हणजे आता शंका नाही. पिवळा कोळीच. पाठीवर असतं ती अजून पुरती वाढ न झालेली मादी. नर तिला उचलून नव्या, कोवळ्या पानावर नेऊन ठेवतो, म्हणून एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर इतक्या लवकर पसरतो. आणि वेलदोडांची पांढरी माशी इथेही गुन्हेगार आहे: हे कोळी तिच्या पायांना लटकून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात.

उपाय लिहितो. सगळ्यात जास्त मुरडलेले शेंडे दोन पानांसकट छाटून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून टाका, खतात नको. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक मिळतं, ते लिटरला २ ग्रॅम. संध्याकाळी, ट्यूब बंद करून, रोपं गॅलरीत नेऊन, तोंडावर फडकं बांधून. पानाच्या खालून आणि शेंड्यात शिरेल असं फवारा, वरवर पाऊस पाडून उपयोग नाही. अंडी गंधकाने मरतीलच असं नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा गंधक मारू नये, पानं करपतात. सध्या ती भीती नाही. आणि कडुलिंबाचं तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक एकत्र आले की पान जळतं.

अनघा_मडगाव | २१ जून, सकाळी ८:००

गंधक फ्लॅटमध्ये नको असेल तर गरम पाणी. मी बेगोनियाला केलंय. ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अख्खा शेंडा १५ मिनिटं बुडवायचा. ४३ च्या खाली गेलं तर कोळी मरत नाही, ४९ च्या वर गेलं तर झाड मरतं. थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

शिरीष_म्हापसा | २१ जून, सकाळी ८:२०

रोपाला आंघोळ घालायची? १४ रोपं, प्रत्येकी १५ मिनिटं, पाणी सतत त्याच तापमानाचं. वाचूनच दमलो. पण खरंच चालत असेल तर पिकाला काही औषध लागत नाही, हे फार चांगलं.

पेडणेकरीण | २१ जून, सकाळी ११:३०

जरा विषयांतर. सगळे खोल्याच्या मिरचीचं बोलताय, आमच्या हरमलच्या मिरचीचंही नाव घ्या! खोल्याच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये. पुरुमेंताला (पावसाळ्याआधीच्या साठवणीला) आई अजून हरमलचीच घेते, दुसरी चालत नाही. रेशादाचा (मासळीत भरायच्या लाल मसाल्याचा) रंग तिच्यासारखा कशाला येत नाही.

दामू_फोंडा | २१ जून, दुपारी १२:०५

रेशादाचा रंग खोल्याच्या मिरचीचा. यावर मी भांडायला तयार आहे. बांगडे घेऊन या, दोन्ही भरून बघू.

पेडणेकरीण | २१ जून, दुपारी १२:२०

बांगडे तुम्ही आणा. मिरची मी आणते.

मूळ मुद्द्यावर: ऋजुता, बी धरायचं असेल तर एक लक्षात ठेव. मिरचीची फुलं स्वतःच फळतात, पण मधमाशा दुसरीकडचा पराग आणतात. शेजारी कुणाची लवंगी मिरची असेल तर पुढच्या वर्षी भलतंच निघतं. तुझी रोपं घरात आहेत ते बियाण्याच्या दृष्टीने बरंच झालं. फक्त वारा नाही, म्हणून फूल उमललं की सकाळी फांदीला टिचकी मार. नाहीतर फुलं गळतील.

ऋजुता_पर्वरी | ६ जुलै, रात्री ९:१५

सगळ्यांना उशिरा उत्तर देते, माफ करा. काय काय केलं ते सांगते.

दहा रोपांना गंधक, २१, २७ जून आणि ३ जुलैला. तीन रोपांना अनघाताईंचं गरम पाणी: दुधाच्या पातेल्यात पाणी, सासूबाईंचा ताप बघायचा थर्मामीटर ४२ लाच थांबतो म्हणून दुकानातून नवा आणला. कुंडीच्या तोंडाला फडकं बांधलं, रोप उलटं धरलं, शेंडा पाण्यात. नवरा दर दोन मिनिटांनी किटलीतून थोडं थोडं गरम पाणी ओतत होता. पहिल्या रोपाची दोन पानं भाजली कारण त्याने धार पानावरच सोडली. पुढची दोन छान निघाली.

मुरडलेली पानं सरळ झाली नाहीत. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्याकडेच बघायचे आणि खट्टू व्हायचे. मग कुळागरदादांना निरोप टाकला, त्यांनी सांगितलं की जुनं पान सरळ होतच नाही, त्याच्याकडे बघू नका, त्याच्यानंतरचं पान बघा. १ जुलैला पहिलं नवं पान आलं. सपाट, रुंद, देठ आखूड. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, एकही अंडं नाही.

नऊ नंबर वेगळी निघाली. दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर तिची पानं वर वळली, शिरा जाड झाल्या, मधला भाग पिवळा. विभागीय कृषी कार्यालयात फांदी पिशवीत बंद करून नेली. तिथल्या बाईंनी बघताक्षणी सांगितलं, हा व्हायरस, ठेवू नका. वेलदोडा, तुम्ही बरोबर होता. उपटताना मला वाईट वाटलं. पण वेळेत वेगळी केली म्हणून बाकीच्या १३ आहेत.

वेलदोडा | ६ जुलै, रात्री ९:४०

ताई, १३ वाचल्या हे वाचून बरं वाटलं. मी सगळ्याच उपटायला सांगत होतो, ते बरोबर नव्हतं. माझ्या वीसमध्येही किती कोळ्याच्या होत्या देव जाणे. पिवळे चिकट सापळे लावून ठेवा, पांढरी माशी दिसली की कळेल. फुलकिड्यांना निळे.

कुळागर | ६ जुलै, रात्री १०:१०

छान झालं. आणखी तीन आठवडे दर चार दिवसांनी एक शेंडा भिंगाखाली घ्या. उबदार हवेत त्याची पिढी चार-सहा दिवसांत पुरी होते, एखादी मादी उरली तरी पुन्हा सुरू. आणि खोलीत एक पंखा लावा, झाडांवरून हलका वारा जाऊ दे. कुंद हवेत पानातून पाणी बाहेर पडत नाही, मग कॅल्शियमही शेंड्यापर्यंत पोचत नाही. आपली लाल माती आधीच आम्लधर्मी, पावसाने चुना धुऊन गेलेली. कुंडीला चमचाभर शेतीचा चुना मातीत मिसळायला हरकत नाही. चुलीतली राख पानांवर मात्र टाकू नका, थोडी मातीत चालते.

ऋजुता_पर्वरी | ७ जुलै, सकाळी ६:५०

पंख्याचं गंमतशीर आहे. काल सासूबाईंना फोनवर फोटो पाठवले. कोळी, अंडी, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाये, मिरसांगेक वारें जाय." म्हणजे मिरचीला वारा हवा. खोल्याला उतारावर लावतात ते पाणी निथळावं म्हणून, असं मला वाटायचं. त्या म्हणतात पाण्यासाठीही आणि वाऱ्यासाठीही.

पंखा रात्रीच लावला.

नवीन_सांखळी | २९ जुलै, संध्याकाळी ७:२५

धागा आजच सापडला, दोनदा वाचला. माझ्याही मिरच्या घरात, एलईडीखाली. पण माझी पानं वर वळली आहेत, फक्त सगळ्यात वरची, आणि ट्यूबच्या बरोबर खालची. भिंगाने बघितलं, ओरखडे नाहीत, काळे ठिपके नाहीत, काहीच नाही. कडेच्या कुंड्या ठणठणीत. फुलकिडे समजून फवारू का?

अनघा_मडगाव | २९ जुलै, संध्याकाळी ७:५०

ट्यूब आणि शेंडा यात अंतर किती?

नवीन_सांखळी | २९ जुलै, रात्री ८:०५

मोजलं. चार बोटं.

ऋजुता_पर्वरी | २९ जुलै, रात्री ८:३०

फवारू नका! आधी ट्यूब हातभर वर घ्या आणि आठ दिवसांनी नवं पान कसं येतं ते इथे सांगा. जुन्याकडे बघू नका.

माझ्या तीन नंबरला काल पहिली मिरची धरली. अजून तांदळाएवढी आहे. फोटो सासूबाईंना आधी पाठवला, म्हणून इथे उशीर झाला.